वजन पाडून केलेलं टीबीआय मॉडेल: उंची तीच, वजन तेच, तरी दोन रॅटमध्ये एवढा फरक का?

प्रश्न: शिरोडा_फार्मा

नमस्कार मंडळी. विस्टर रॅटवर डोक्याच्या दुखापतीचं मॉडेल बसवण्याचं काम चालू आहे. पुढे त्यावर एका वनस्पतिजन्य संयुगाची चाचणी घ्यायची आहे. कवटी न उघडता मार द्यायचा म्हणून मार्मारू पद्धत (डोक्यावर उंचावरून वजन पाडून टीबीआय, म्हणजे मेंदूची दुखापत, घडवणारी) घेतली. मांडणी अशी: २ मीटर उंच पारदर्शक ॲक्रिलिक नळी, तिच्यातून सोडायचं ४५० ग्रॅमचं पितळी वजन, ब्रेग्मा आणि लॅम्ब्डा (कवटीच्या सांध्यांचे पुढचा आणि मागचा बिंदू) यांच्या मध्ये डेंटल ॲक्रिलिकने बसवलेली १० मि.मी. व्यासाची, ३ मि.मी. जाडीची स्टीलची चकती, आणि फोमच्या गादीवर पालथा ठेवलेला रॅट. भूल केटामिन-झायलाझिनची, पोटातून. सगळे नर, वजन २२० ते ३२० ग्रॅम.

अडचण ही की एकाच उंचीवरून मार दिला तरी काही रॅट जागीच जातात, काहींच्या कवटीला तडा जातो आणि काही भूल उतरल्यावर शॅम गटासारखेच (मार सोडून बाकी सगळं केलेल्या तुलनेच्या गटासारखे) वागतात. जून ते सप्टेंबर हा प्रकार जास्त. त्या दिवसांत चकती मार बसण्याआधीच सुटते. वॉटर मेझच्या (पाण्यातला लपलेला प्लॅटफॉर्म शोधायच्या स्मृतिचाचणीच्या) आकड्यांत गटांचा फरक दिसण्याऐवजी नुसता पसारा दिसतो.

विचारायचं असं: हा पसारा नेमका कुठून येतो? कवटी उघडून मार देणारं सीसीआय यंत्र मागवलं तर प्रश्न सुटेल का? शॅममध्ये काय काय करायचं आणि प्रत्येक गटात किती प्राणी धरायचे? आयएईसीकडे (संस्थेच्या प्राणी-प्रयोग नैतिकता समितीकडे) फॉर्म बी, म्हणजे परवानगीचा अर्ज, नव्याने द्यायचा आहे, तेव्हा बदल आत्ताच करून घेता येतील.

---

कुंडई_बेंच

आधी यंत्र बघू, कारण नळी, वजन आणि फोम यांत जे बिघडतं ते मोजून पकडता येतं.

२ मीटरवरून अडथळ्याविना पडणाऱ्या वजनाचा वेग तळाशी ६.२६ मीटर प्रति सेकंद असतो आणि ४५० ग्रॅमला ऊर्जा ८.८ ज्यूल. १ मीटरवरून हेच आकडे ४.४३ आणि ४.४. पण हे कागदावरचे आकडे झाले. नळीत घर्षण होतं, हवा दबते, आणि वेग १० टक्क्यांनी घटला की ऊर्जा १९ टक्क्यांनी घटते. म्हणून ‘उंची २ मीटर’ एवढंच लिहिणं म्हणजे मार किती बसला ते न लिहिणंच. वेग दर वेळी मोजा. नळीच्या खालच्या टोकाला एकमेकांपासून २० मि.मी. अंतरावर दोन इन्फ्रारेड एलईडी आणि समोर दोन फोटोट्रान्झिस्टर लावा, आर्डुइनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या इंटरप्ट पिनला जोडा (हाच फोटोगेट). ६.२ मीटर वेगाला दोन सिग्नलमधलं अंतर साधारण ३.२ मिलिसेकंद येतं आणि आर्डुइनोचं घड्याळ ४ मायक्रोसेकंदांपर्यंत वाचतं, म्हणजे अचूकता भरपूर. रॅट न ठेवता नुसत्या फोमवर २० वेळा वजन पाडा. सरासरीपासून ३ टक्क्यांपेक्षा जास्त ढळणारे आकडे असतील तर रॅटवर जायचंच नाही.

ढळण्याची कारणं बहुधा चार. नळी ओळंब्यात नसते. गवंड्याचा साधा ओळंबा आतून सोडून दोन दिशांनी तपासा. स्टँड भिंतीला बांधलेला नसेल तर तो आठवड्यात हलतो. दुसरं, नळी आणि वजन यांत फट कमी असते. नळीचा आतला व्यास १९ मि.मी. आणि वजनाचा १८ मि.मी. असेल तर फट ठीक, पण नळीला बाजूने भोकं हवीतच. नाहीतर वजन पिस्टनसारखं हवा दाबत खाली येतं आणि शेवटच्या अर्ध्या मीटरमध्ये मंदावतं. (१८ मि.मी. व्यासाचं ४५० ग्रॅमचं पितळ साधारण २१ सें.मी. लांब होतं. त्याहून आखूड आणि जाड वजन केलं असेल तर ते नळीत तिरकं होतं.) तिसरं, वजन हाताने सोडलं जातं. वर एक पिन ठेवा, ती आडवी ओढली की वजन सुटेल. विद्युतचुंबक लावायचा असेल तर वजनाच्या माथ्यावर पोलादी स्क्रू बसवावा लागेल, कारण पितळ चुंबकाला धरत नाही. चौथं, वजनाचं तोंड. लेथवर ते सपाट करून घ्या, कडा किंचित मोडा. कुंडई किंवा वेर्णाच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याही टर्नरकडे हे तासाभराचं काम आहे.

आता फोम. या मॉडेलमध्ये डोकं मार बसल्यावर खाली दबतं आणि त्या हालचालीतूनच मज्जातंतूंचे धागे ताणले जातात. म्हणजे फोम हा यंत्राचा भाग आहे, नुसती गादी नव्हे. बाजारात मिळणारा पॉलिएस्टर जातीचा पॉलियुरेथेन फोम दमटपणात हळूहळू विरघळल्यासारखा मऊ पडतो. पॉलिईथर जातीचा जास्त टिकतो. मे महिन्यात घेतलेली गादी ऑगस्टमध्ये तीच राहिलेली नसते, आणि त्याच महिन्यांत तुमचे आकडे विस्कटतात, हा योगायोग नाही. जाडी १२ सें.मी.च्या आसपास ठेवा, एकाच ब्लॉकमधून चार-पाच गाद्या कापून घ्या आणि सिलिका जेलसह प्लास्टिकमध्ये बंद करून ठेवा.

चकती सुटते ती ओल्या हाडामुळे. कवटीवरचं पातळ आवरण स्कॅल्पेलच्या पाठीने खरवडून पूर्ण काढा, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा बोळा फिरवा, रक्त थांबेपर्यंत थांबा, मग कोरडा बोळा आणि गार हवा. हाड पांढरं, खडूसारखं दिसलं की मगच ॲक्रिलिक. थर पातळ द्या, कारण ॲक्रिलिक घट्ट होताना तापतं आणि जाड थराची उष्णता खालच्या मेंदूपर्यंत पोहोचते. खोलीत आर्द्रता ७० टक्क्यांच्या खाली हवी. सीसीएसईए या प्राणी-प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीच्या नियमांतही प्राण्यांच्या खोलीसाठी ३० ते ७० टक्केच सांगितले आहेत, तेव्हा डिह्युमिडिफायर मागायला कारण तयार आहे.

आणि दुसरा टोला. वजन उसळून पुन्हा डोक्यावर पडतं. वजनाला नायलॉनची दोरी बांधून लांबी अशी ठेवा की चकतीच्या खाली थोडं जाईल, पण उसळून परत पडणार नाही, किंवा मार बसल्याबरोबर फोमची पेटी बाजूला सरकवा. दुसरा टोला बसला की नाही हे डोळ्यांना कळत नाही. मोबाइलवर २४० फ्रेमने चित्रण करा.

---

सांताक्रूझ_भूल

यंत्र सुधारल्यावरही पसारा उरेल, आणि त्याचं मोठं कारण केटामिन-झायलाझिन आहे.

केटामिन एनएमडीए रिसेप्टर (मज्जापेशीवरचं एक दार) अडवतं. मेंदूला मार बसल्यावर ग्लुटामेट उसळतं आणि त्याच दारातून पेशीत कॅल्शियम शिरतं. ते दार तुम्ही मार देण्याआधीच बंद करून ठेवलेलं असतं. म्हणजे प्रत्येक रॅटला मार देण्यापूर्वीच एक संरक्षक औषध दिलेलं असतं, तेही प्रत्येकाला वेगळ्या परिणामाचं, कारण पोटातून दिलेल्या इंजेक्शनचं शोषण कधीच सारखं होत नाही. झायलाझिन रॅटमध्ये रक्तातली साखर चढवतं, आणि चढलेली साखर जखमी मेंदूला वाईट. शिवाय ही भूल इतकी लांबते की रॅट पालथा होऊन उभा राहायला किती वेळ लागला, हा सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी आकडा हातातून जातो.

आयसोफ्लुरेन घ्या. तेही थोडं संरक्षक आहेच, पण ते सगळ्यांना मोजून, सारख्याच वेळेपुरतं देता येतं. ४ टक्क्यांवर झोपवा, २ टक्क्यांवर ठेवा, चकती बसवेपर्यंतची मिनिटं लिहा, आणि मार देण्याआधी मास्क काढल्यापासून वजन सुटेपर्यंतचा वेळ १५ सेकंदांच्या आत व सगळ्यांना एकच ठेवा. शॅमलाही तेवढीच मिनिटं. बंद-कवटीच्या मॉडेलचा शॅम म्हणजे भूल, कातडीचा छेद, चकती, टाके, सगळं काही. फक्त मार नाही.

जागीच जाणारे रॅट बहुतेक मेंदूच्या जखमेने जात नाहीत, श्वास थांबल्याने जातात. या माराने मेंदूच्या देठाला धक्का बसतो आणि श्वास काही सेकंद ते दीड-दोन मिनिटं थांबू शकतो. जो रॅट वाचतो त्यालाही मधल्या काळात प्राणवायू कमी पडलेला असतो. दोन जखमा झाल्या, एक माराची आणि एक गुदमरण्याची, आणि दुसरी प्रत्येकात वेगळी. तुमचा पसारा मोठ्या प्रमाणात इथून येतो.

उपाय दोनच. एक, सगळ्यांना, शॅमसकट, तोंडातून १४ ते १६ गेजचा कॅन्युला श्वासनळीत घालून व्हेंटिलेटरवर ठेवा. दर श्वासाला किलोमागे ८ ते १० मि.ली., मिनिटाला ६० ते ७० श्वास, स्वतःचा श्वास नीट सुरू होईपर्यंत. जास्त वेगाने फुंकू नका, कार्बन डायऑक्साइड उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. दोन, व्हेंटिलेटर नसेल तर कोणालाच देऊ नका, पण श्वास किती सेकंद थांबला ते स्टॉपवॉचने प्रत्येकाचं लिहा आणि विश्लेषणात घ्या. जो मरायला टेकला त्यालाच तेवढा हाताने श्वास द्यायचा, हे मात्र कधीच करू नका. त्याने गटच बिघडतो.

ऑक्सिजनसाठी माणसाच्या बोटाचा पल्स ऑक्सिमीटर चालत नाही. रॅटच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ३०० च्या वर असतात आणि ते यंत्र तिथे पोहोचतच नाही. लहान प्राण्यांसाठीचा प्रोब मागवा.

तापमानाचंही तेच. एसी खोलीत आयसोफ्लुरेनखाली रॅट दहा मिनिटांत गार पडू लागतो आणि गारवा मेंदू वाचवतो. गुदद्वारातून प्रोब, ३७ अंश, अर्धा अंश इकडेतिकडे, तापती गादी भूल देण्याआधीच सुरू. शुद्धीवर येईपर्यंत पिंजराही उबदार. एका गटाचा पिंजरा एसीच्या झोताखाली राहिला तर तोच गट ‘औषधाने’ बरा झालेला दिसेल.

वेदनाशामक सगळ्या गटांना. ब्युप्रेनॉर्फिन ०.०५ मि.ग्रॅ. प्रति किलो कातडीखाली, आणि छेदाच्या जागी स्थानिक बधिरीचं औषध. मेलोक्सिकॅमसारखं औषध सूज उतरवतं, म्हणून सूज हाच तुमच्या संयुगाचा विषय असेल तर ते टाळा. ब्युप्रेनॉर्फिनने काही रॅट भुसा खातात, त्या रात्री कागदी बेडिंग द्या. ५ ते १० मि.ली. प्रति किलो कोमट सलाइन कातडीखाली आणि पिंजऱ्याच्या तळाशी भिजवलेलं खाद्य. एवढ्यानेही उशिराची मरतुक खाली येते.

---

शिरोडा_फार्मा

दोघांचेही मनापासून आभार. व्हेंटिलेटर मागता येईल असं वाटतं. पण मग त्याच पैशात सीसीआय यंत्राचा विचार का करू नये? मार किती खोल, किती वेगाने, सगळं यंत्रावर ठरवता येतं असं वाचलंय.

---

ताळगाव_पठार

सीसीआयचा मार ठरवता येतो हे खरं. पण तो मार कुठल्या आजाराचा आहे ते आधी बघा. दांडी कवटीच्या खिडकीतून मेंदूच्या वरच्या थरात शिरते आणि तिथे खळगा करते. ही एका जागची रक्ताळलेली जखम झाली. दुचाकीवरून पडलेल्याचं डोकं गरकन फिरतं, मेंदू कवटीच्या आत घुसळला जातो आणि लांब धागे ताणून तुटतात. तुमच्या संयुगाने नेमकी कुठली जखम भरून काढावी असा दावा आहे, त्यावर मॉडेल ठरवा. यंत्र हातात आहे म्हणून प्रश्न त्याला जुळवून घेऊ नका.

सीसीआय घ्यायचंच ठरलं तर त्याचे घोटाळेही सांगतो. माऊसवर साधारण ३ मि.मी.ची टीप, ५ मीटर प्रति सेकंद, १ मि.मी. खोली, १०० ते २०० मिलिसेकंद थांबा असे आकडे चालतात. रॅटवर टीप ५ ते ६ मि.मी. आणि खोली २ ते ३ मि.मी. घोटाळा शून्य ठरवताना होतो. टीप मेंदूच्या आवरणाला टेकली तो बिंदू म्हणजे शून्य. तो ०.२ मि.मी. चुकला की १ मि.मी.च्या मारात २० टक्के फरक पडला. खिडकी उघडल्यावर मेंदू काही मिनिटांत फुगून वर येतो, म्हणून शून्य आधी ठरवून नंतर चहा घेऊन आलात तर तो शून्य राहिलेला नसतो. उघडल्यापासून मार देईपर्यंतची मिनिटं ठरवून टाका. टीप पृष्ठभागाला काटकोनात हवी, त्यासाठी हात साधारण १५ ते २० अंश कलवावा लागतो. तिरकी टेकली तर एका कडेने आवरण फाटतं. हवेच्या दाबावर चालणारं यंत्र असेल तर कॉम्प्रेसरच्या ओळीत पाणी पकडणारा सापळा हवाच. गोव्याच्या हवेत पावसाळ्यात टाकीत रोज पाणी साचतं आणि ते झडपेत गेलं की वेग भरकटतो.

सगळ्यात वाईट गोष्ट शॅमची. कवटीला ड्रिल केलं की उष्णता, कंप आणि रक्तस्राव यांनी खालच्या मेंदूला इजा होतेच. २०११ मध्ये हे नीट मोजून दाखवण्यात आलं, की नुसत्या खिडकीनेही सूज, दाह आणि वागण्यातला फरक दिसतो. म्हणजे तुमचा शॅम गट आधीच थोडा जखमी. ड्रिल करायचं तर गार सलाइन थेंबथेंब सोडत, दर १० सेकंदांनी थांबत, आणि शॅमबरोबर काहीच न केलेला एक छोटा गटही ठेवत. बंद कवटीच्या तुमच्या पद्धतीत हा त्रास नाही. ती सोडू नका असं माझं ठाम मत आहे.

द्रवाच्या लाटेने मार देणारं एफपीआयही आहे. लोंबता हातोडा नळकांड्याच्या पिस्टनवर आदळतो आणि सलाइनची लाट कवटीतल्या ४.८ मि.मी.च्या खिडकीतून आवरणावर आपटते. रॅटला मध्यम मार साधारण २ ॲटमॉस्फिअर. लाट २० मिलिसेकंदांची, गुळगुळीत घंटेसारखी दिसली पाहिजे. दातेरी आली तर नळकांड्यात बुडबुडा आहे. पण इथेही कवटी उघडावी लागते, म्हणून तुमच्यासाठी ते दुसऱ्या क्रमांकाचं.

डोकं फिरवून मार द्यायची कल्पना खरं तर माणसाच्या सगळ्यात जवळची, आणि तीच सगळ्यात अवघड. मेंदू जितका लहान तितका तो ताणण्यासाठी जास्त झटका लागतो. होलबोर्न-ओमायांच्या सूत्राने हिशेब केला तर माणसाचा मेंदू १४०० ग्रॅम आणि रॅटचा २ ग्रॅम, गुणोत्तर ७००, त्याचा दोन-तृतीयांश घात म्हणजे जवळजवळ ८०. म्हणजे माणसाला जखमी करणाऱ्या कोनीय प्रवेगाच्या ८० पट प्रवेग रॅटला द्यावा लागेल. डुकरावर हे जमतं, २० मिलिसेकंदांत ११० अंशांपर्यंत डोकं फिरवतात. त्याच्या मेंदूला वळ्याही आहेत आणि पांढरा भागही रॅटपेक्षा कितीतरी जास्त. पण मोठ्या प्राण्यांवरचा प्रयोग संस्थेच्या आयएईसीवर संपत नाही, तो सीसीएसईएकडे दिल्लीला जातो. त्यामुळे तुमच्या पीएचडीत तो रस्ता धरू नका. कायमेरा हा २०१४ चा माऊसवरचा बंद-कवटीचा प्रकार मात्र बघून ठेवा. त्यात डोकं मोकळं असतं आणि मार साधारण अर्ध्या ज्यूलचा, खालून पिस्टनने. लेथ आणि हवेचा सिलिंडर असेल तर तो इथेही बनवता येतो.

---

बांबोळी_ट्रॉमा

रुग्णाच्या बाजूने थोडं.

तुमच्या मॉडेलमध्ये औषध कधी देणार? मारानंतर १५ मिनिटांनी औषध देऊन सुंदर निकाल आलेले शेकडो प्रयोग आहेत. काणकोण किंवा वाळपईहून डोक्याला मार लागलेला माणूस बांबोळीच्या रुग्णालयात पोहोचून त्याचा सीटी होईपर्यंत १५ मिनिटांत काही होत नसतं. प्रोजेस्टेरॉन प्राण्यांमध्ये चाललं, २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत, एकीत ४ तासांच्या आत आणि दुसरीत ८ तासांच्या आत देऊनही, माणसांमध्ये काहीच फरक पडला नाही. स्टेरॉइडचं तर उलटंच झालं. २००४ च्या क्रॅश चाचणीत दहा हजारांवर रुग्ण होते आणि स्टेरॉइड दिलेल्यांत मृत्यू वाढले. तेव्हा एक गट मारानंतर ४ तासांनी औषध दिलेला ठेवा. तिथे परिणाम दिसला तर बोलण्यासारखं काही हाताला लागेल.

दुसरं, मघाशी गुदमरण्याला ‘दुसरी जखम’ म्हटलंय, ते शब्दशः खरं आहे. डोक्याला जबर मार लागलेल्यात सिस्टॉलिक रक्तदाब एकदाच ९० च्या खाली गेला तरी मृत्यूचं प्रमाण दुप्पट होतं, हे १९९३ पासून माहीत आहे. म्हणून गुदमर आणि रक्तदाब यांचा अभ्यास करायचा असेल तर तो वेगळा गट करून, मोजून करा. नकळत मिसळू देऊ नका.

तिसरं, वय. घरात न्हाणीत पडून येणारे सत्तरीचे लोक आमच्याकडे भरपूर. प्रयोगातला रॅट ८ ते १२ आठवड्यांचा, म्हणजे नुकता वयात आलेला. निदान पुढच्या टप्प्यात १२ ते १८ महिन्यांचे रॅट धरा.

आणि रक्ताचा नमुना घ्या. जीएफएपी आणि यूसीएच-एल१ या मेंदूच्या पेशींतून रक्तात येणाऱ्या प्रथिनांची रक्तचाचणी २०१८ मध्ये अमेरिकेत माणसांसाठी मान्य झाली. न्यूरोफिलामेंट लाइट हे मज्जातंतूंच्या धाग्यांतलं प्रथिन दिवसेंदिवस चढतं आणि आठवडे टिकतं, धाग्यांच्या जखमेसाठी ते जास्त बोलकं. तेच रेणू रॅटमध्ये मोजले तर वॉर्ड आणि लॅब यांना एकमेकांचे आकडे वाचता येतील. शेपटीच्या शिरेतून २४ तासांनी आणि ७ दिवसांनी थोडं रक्त पुरतं.

---

डिचोली_आकडे

प्राण्यांच्या संख्येबद्दल. दोन गटांची तुलना, ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता), ०.०५ पातळी धरली तर प्रत्येक गटाला लागणारे प्राणी म्हणजे १६ भागिले परिणामाच्या आकाराचा (गटांमधला फरक भागिले पसारा) वर्ग, अधिक एक. आकार १ असेल तर १७, १.२ असेल तर १२, ०.८ असेल तर २६. म्हणून पसारा निम्मा केला तर लागणारे प्राणी चौथ्या हिश्श्यावर येतात. आयएईसीपुढे व्हेंटिलेटर आणि फोटोगेटचं समर्थन करताना हा हिशेब मांडा, प्राणी कमी करण्याचा याहून सरळ मार्ग नाही. मरतुक आणि वगळणी २० टक्के धरली तर १७ ला २२ मागावे लागतील.

कोणाला वगळायचं ते पहिला रॅट झोपवण्याआधी लिहून ठेवा: चकती काढल्यावर कवटीला तडा दिसला, चित्रणात दुसरा टोला दिसला, फोटोगेटचा वेग ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेला, चकती मारात तिरकी सुटली. एवढंच. ‘वागण्यात फरक दिसला नाही’ हे कारण कधीच असू शकत नाही. प्रत्येक गटात किती गेले तेही छापा. औषधाच्या गटात कमी मेले आणि त्यामुळे जास्त जखमी रॅट मेझपर्यंत पोहोचले, तर औषध चांगलं असूनही मेझमध्ये वाईट दिसेल.

रोज सगळे गट थोडे थोडे करा. सोमवारी शॅम आणि मंगळवारी जखमी असं केलंत तर सोमवारची हवा, फोम, हात सगळं शॅमच्या खात्यात जातं. वजन सोडणाऱ्याला औषधाचा गट माहीत नको आणि मेझ बघणाऱ्याला काहीच माहीत नको. बाटल्यांना तिसऱ्या माणसाने खुणा कराव्यात.

वजनाचा पट्टा २२० ते ३२० म्हणजे फारच रुंद. २२० ग्रॅमच्या रॅटची कवटी पातळ, तडे तिथूनच येतात. ३४० ते ३८० ठेवा.

---

ताळगाव_पठार

वरच्या शेवटच्या ओळीला एक पुस्ती. ३४० ते ३८० हा नरांचा आकडा आहे. विस्टर मादी त्या वयात २५० च्या आसपासच असते, म्हणून तिला वजनाने जुळवू नका, वयाने जुळवा आणि उंची वेगळी ठरवा, बहुधा १ ते १.५ मीटरच्या दरम्यान. माद्यांत पाळीच्या चक्रामुळे पसारा जास्त येतो हा समज तपासणीत टिकलेला नाही, त्यामुळे त्यांना बाहेर ठेवायला ते कारण पुरत नाही.

ऊतींबद्दलही राहिलं. या मारात खळगा शोधू नका, तो नसतो. २४ तासांनी बीटा-एपीपीचं (तुटलेल्या धाग्यांत साचणाऱ्या प्रथिनाचं) रंजन कॉर्पस कॅलोसम, इंटर्नल कॅप्सूल, ऑप्टिक ट्रॅक्ट आणि मेंदूच्या देठातल्या लांब मार्गांत बघा. ऑप्टिक ट्रॅक्ट जखमी होतो याचा वॉटर मेझशी थेट संबंध आहे: रॅट विसरला की त्याला दिसतच नाही? प्लॅटफॉर्म पाण्यावर ठेवून, वर झेंडा लावून एक दिवसाची चाचणी घ्या. तिथेही तो चाचपडला तर त्याचे मेझचे आकडे स्मृतीचे नव्हेत. आणि ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने परफ्यूजन (रक्तवाहिन्यांतून द्रव सोडून ऊती घट्ट करणं) झाल्यावर मेंदू लगेच उचकटून काढू नका, काही तास कवटीतच राहू द्या. अर्धवट घट्ट झालेला मेंदू दाबला गेला की काळ्या, आकसलेल्या पेशी दिसतात आणि त्या माराच्या म्हणून मोजल्या जातात. शॅममध्येही तशाच पेशी सापडल्या तर चूक काढण्याच्या टेबलावरची आहे.

---

शिरोडा_फार्मा

म्हणजे ठरलं: मॉडेल तेच, आयसोफ्लुरेन, सगळ्यांना व्हेंटिलेटर, फोटोगेट, वजनाचा अरुंद पट्टा, ४ तासांचा गट. फक्त एक, फोम बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं? हाताने दाबून तर काही कळत नाही.

---

कुंडई_बेंच

५ बाय ५ सें.मी.ची प्लायवूडची चौकोनी पट्टी घ्या. गादीच्या मधोमध ठेवा. तिच्यावर २५०, मग ५००, मग ७५० ग्रॅम, प्रत्येक वजन ३० सेकंद, आणि पट्टी किती मि.मी. बुडाली ते व्हर्नियरच्या खोली मोजणाऱ्या दांडीने वाचा. नवी गादी आली त्या दिवशीचे तीन आकडे मार्करने पेटीवरच लिहा. प्रयोगाच्या दर दिवशी सकाळी, पहिला रॅट झोपवण्याआधी, पुन्हा घ्या. तिन्हींपैकी एकही १० टक्क्यांनी हलला की गादी बदला.

हे झालं संथ दाबाचं. झटक्याचं बघायला ३५० ग्रॅम वाळू भरलेली कापडी पिशवी रॅटच्या जागी ठेवा, वर तीच चकती चिकटवा, २ मीटरवरून वजन पाडा आणि मागे मोजपट्टी उभी करून २४० फ्रेमने चित्रण करा. चकती किती खोल गेली ते चित्रात मोजा. या गतीला दोन फ्रेममध्ये वजन २६ मि.मी. सरकतं, त्यामुळे वेग यावरून काढू नका, त्यासाठी फोटोगेट आहे. पण सगळ्यात खाली गेल्यावर हालचाल मंदावते, ती खोली नीट वाचता येते. पाच वेळा करून सरासरी घ्या. नवी गादी जुन्या ब्लॉकमधली नसेल तर हे आकडे जुळेपर्यंत उंची बदलून बघा, आणि बदललेली उंची वहीत त्या गादीच्या नंबरसमोर लिहा.